कारखाना न लाभलेली लस

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत सूत निघतं, कापड विणलं जातं, ओतकाम चालतं, गाड्यांचे सुटे भाग तयार होऊन पुण्या-मुंबईला रवाना होतात. कसबा सांगाव, हुपरी, कागल इथली माणसं पाळीला येतात-जातात. लस म्हटलं की मात्र इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पुणं उभं राहतं, नाहीतर मुंबईतल्या परळचं हाफकिन. रोग झाल्यावर टोचायची, म्हणजे उपचारासाठीची लस बनवणाऱ्या छोट्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांबद्दल अलीकडे बरंच वाचायला मिळतं. हा विषय निघाला की मला परळचीच, पण हाफकिनच्या शेजारच्या एका संस्थेतली लस आठवते. ती कुष्ठरोगावर होती. तिचं बीज १९५८ साली सापडलं, लस १९७९ मध्ये तयार झाली, आणि १९९८ मध्ये तिचा गुण आकड्यांनी सिद्ध झाला. तरीही ती कुठल्याही दवाखान्याच्या फडताळात पोचली नाही. महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या इतिहासातलं हे प्रकरण फार थोड्यांना ठाऊक आहे.

लस रोग होण्याआधी टोचायची, ही समजूत देवीच्या लशीने आपल्याकडे पक्की केली. तिचे व्रण साठीच्या पुढच्या पिढीच्या हातावर अजून आहेत. पण लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जी लस टोचली, ती पिसाळलेला कुत्रा चावून झाल्यावर. विष मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात शरीराला जागं करायचं, हा त्यातला विचार. पाचच वर्षांनी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाच्या जंतूंपासून केलेलं ट्यूबरक्युलिन क्षयावरचा उतारा म्हणून जाहीर केलं. युरोपभरचे क्षयरोगी बर्लिनकडे धावले. त्यांना गुण आला नाही, कित्येकांची प्रकृती उलट ढासळली. तेच ट्यूबरक्युलिन पुढे निदानाच्या चाचणीसाठी कामाला आलं. जंतूशी आधीच झुंजत असलेल्या शरीराला आणखी डिवचायचं काम किती नाजूक आहे, हे कॉखच्या फजितीने जगाला दाखवलं. पुढची कित्येक दशकं उपचारासाठीची लस म्हटलं की डॉक्टर मंडळी सावध होत.

कुष्ठरोगाचा जंतू तर क्षयाच्या जंतूहूनही हट्टी. नॉर्वेच्या हान्सेनने तो १८७३ मध्ये पाहिला, कॉखला क्षयाचा जंतू दिसायच्या नऊ वर्षं आधी. पण क्षयाचा जंतू काचेच्या नळीत वाढला, हा वाढेना. आजतागायत तो कुठल्याही कृत्रिम खाद्यावर वाढलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. पोटातल्या साध्या जंतूला वीस मिनिटं पुरतात. त्यामुळे माणसाला लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत वर्षं निघून जातात. जंतूच वाढवता येत नसेल तर औषध कशावर तपासायचं आणि लस कशाची करायची? बाबा आमटे कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला कोलकात्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत गेले, तेव्हा संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात हे जंतू टोचून घेतले. तिथेही ते वाढले नाहीत.

त्या काळी या रोगावर शास्त्रापेक्षा सेवाच पुढे होती, आणि तिचा मोठा वाटा महाराष्ट्राने उचलला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवन. कोल्हापुरात शेंडा पार्क म्हटलं की जुन्या माणसांना कुष्ठधामच आठवतं. मुंबईत वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासूनचं. ज्यांचं नाव त्याला आहे ते हॅरी ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, आणि शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲक्वर्थसाहेब ते हेच. एकाच माणसाने रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णाला छप्पर दिलं आणि शाहिरांचे पोवाडे वाचवले, म्हणून हे नाव मला नेहमीच जवळचं वाटत आलं आहे.

शास्त्राची बाजू परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उभी राहिली. डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ मध्ये तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. क्वेट्ट्यात जन्मलेले, लंडनला विकृतिशास्त्र शिकलेले. कॅन्सर हा त्यांचा मुख्य विषय, पण कुष्ठरोगाने त्यांना तितकंच धरून ठेवलं होतं. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या कातडीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसलं, की कातडीवर फारसं काही नसतानाही जंतू बारीक मज्जातंतूंमध्ये शिरलेले आहेत. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा रोग आहे, या मुद्द्यावर ते ठाम होते. बधिर चट्टा, वाकडी झालेली बोटं, चटका बसूनही न कळणं, ही सगळी लक्षणं तिथूनच येतात.

१९५२ मध्ये टाटा मेमोरियलच्या शेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. आयसीआरसी. हीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली. खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे तिथे होत्या. माहेरच्या त्या समर्थ. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. वडील स्वतः जीवशास्त्राचे प्राध्यापक. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि १९४९ मध्ये खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी झाल्या. नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत राहिल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवण्याचं तंत्र ज्या मोजक्या ठिकाणी पक्कं झालं, त्यातली ही एक. ते तंत्र रणदिवे यांनी परळला आणलं. भारतातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा अशी उभी राहिली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये गुगलने त्यांचं चित्र लावलं, तेव्हा कॅन्सरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणून बऱ्याच लोकांनी त्यांचं नाव प्रथम ऐकलं. कुष्ठरोगातलं त्यांचं काम त्या दिवशीही थोडं मागेच राहिलं.

आता मज्जातंतूंची आवड असलेला जंतू आणि पेशी जिवंत ठेवण्याचं तंत्र एका छताखाली आलं होतं. संस्थेतले संशोधक बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी ज्यांच्या अंगात जंतूंचा सुकाळ असतो अशा रुग्णांच्या गाठींमधलं ऊतक घेतलं. या प्रकारच्या कुष्ठरोगात एक ग्रॅम ऊतकात अब्जावधी जंतू असू शकतात. ते त्यांनी मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागंडिकांच्या पेशींसोबत वाढवायला ठेवले. यामागे खानोलकरांचा मज्जातंतूंचा सिद्धांत उघड दिसतो. जंतूला परकं खाद्य देण्याऐवजी त्याचं घरच देऊन पाहायचं. आणि काहीतरी वाढलं. विशिष्ट रंगक्रियेत निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक दिसणाऱ्या काड्या, आम्लाने धुतल्या तरी रंग न सोडणाऱ्या, पिढ्यान् पिढ्या वाढवता येणाऱ्या. १९५८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. जंतूला संस्थेचंच नाव मिळालं, आयसीआरसी बॅसिलस.

जगाने लगेच शंका घेतली, आणि ती रास्त होती. कुष्ठरोगाचा जंतू वाढवल्याचे दावे त्याआधीही झाले होते आणि सगळे कोसळले होते. अमेरिकेत शेपर्ड यांनी १९६० मध्ये उंदराच्या पायाच्या तळव्यात खरा जंतू थोडाफार वाढवून दाखवला. १९७१ मध्ये आर्माडिलो या खवलेवाल्या प्राण्यात तो भरपूर वाढतो हे कळलं. या खऱ्या जंतूशी ताडून पाहता परळचा जंतू वेगळाच निघाला. तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलर या गटातला, कुष्ठरोगाच्या जंतूचा भाऊबंद होता. कुष्ठरोगाचा जंतू वाढवल्याचा मूळ दावा टिकला नाही.

एखाद्या संस्थेने असा जंतू गुपचूप टाकून दिला असता. परळच्या प्रयोगशाळेत तो वीस वर्षं जपला गेला. हे काम दिसायला काहीच नसतं. ठरावीक दिवसांनी एका बाटलीतून दुसऱ्या ताज्या बाटलीत थोडा थोडा भाग काढायचा, दूषित झालेली बाटली फेकायची, नोंद करायची, पुन्हा तेच. माणसं बदलतात, प्रमुख बदलतात, खातं बदलतं, पण बाटल्या थांबून चालत नाही. या प्रकरणात सगळ्यात जास्त आदर मला या कामाबद्दल वाटतो. ते करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं कुठल्याही शोधनिबंधावर नाहीत.

आता कुष्ठरोगाची एक गुंतागुंत सांगायला हवी, कारण लस तिच्यावरच उभी राहिली. जंतू एकच, पण रोग माणसागणिक वेगळा दिसतो. काहींच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा येतो आणि त्यात जंतू शोधावे लागतात. त्यांचं शरीर लढत असतं. काहींच्या भुवया झडतात, चेहरा आणि कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात, आणि अंगात जंतूंचा महापूर असतो. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांना सर्दी-पडसं, क्षय, इतर रोग यांच्याशी लढता येतं. या एकाच जंतूपुढे त्यांच्या संरक्षक पेशी स्वस्थ बसतात. जपानच्या मित्सुदांनी हे ओळखायची चाचणी दिली होती. मेलेल्या जंतूंचा अर्क कातडीत टोचायचा आणि तीन-चार आठवडे थांबायचं. गाठ उठली तर शरीराला जंतूची ओळख आहे. काहीच उठलं नाही तर नाही. गाठी आणि जाड चेहरा असलेल्या रुग्णांत ती उठत नाही. औषधाने जंतू मेले तरी उठत नाही.

डॉ. एम. जी. देव दिल्लीच्या एम्समधून येऊन १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. त्यांनी बापटांना सोबत घेतलं आणि जुन्या बाटल्यांकडे नव्या प्रश्नाने पाहिलं. हा जंतू कुष्ठरोगाचा नाही हे मान्य. पण तो त्याच्या इतका जवळचा आहे, की याची ओळख करून दिली तर स्वस्थ बसलेल्या पेशींना त्याचीही ओळख पटेल का? भाऊबंद असण्यामुळे जो दावा पडला होता, त्याच नात्याचा आता उपयोग होणार होता. सी-४४ या वाणाचे जंतू गॅमा किरणांनी निर्जीव करून १९७९ मध्ये लस तयार झाली. तोवर संस्था अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आली होती.

लस कातडीत अगदी थोडी, एक दशांश मिलिलिटर टोचायची. देव, बापट आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवर आणि निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांची मित्सुदा चाचणी कधीच उठली नव्हती अशा बऱ्याच रुग्णांची ती लशीनंतर उठू लागली. काहींच्या शरीरात साठलेले जंतू भराभर साफ होऊ लागले. आणि काहींना प्रतिक्रिया आली: जुने चट्टे लाल होऊन फुगले, मज्जातंतू सुजले. डॉक्टरांच्या दृष्टीने ही शरीर जागं झाल्याची खूण, पण रुग्णाच्या दृष्टीने धोक्याची. सुजलेला मज्जातंतू वेळीच सांभाळला नाही, स्टिरॉइड दिलं नाही, तर हात कायमचा लुळा पडू शकतो. कॉखच्या काळी हेच झालं होतं. या वेळी डॉक्टरांना प्रतिक्रिया ओळखता येत होती आणि आवरताही येत होती.

इथवर गोष्ट चढती होती. त्याच सुमारास बाहेरचं जग मात्र वेगाने बदललं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन ही औषधं एकत्र द्यायची पद्धत, म्हणजे बहुविध औषधोपचार, सुचवली. देशात तो ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबवला गेला त्यात वर्धा होता. भारतात दर दहा हजार माणसांमागे रुग्णांचं प्रमाण १९८३ मध्ये ५७.८ होतं, डिसेंबर २००५ मध्ये ते एकाच्या खाली आलं. गावोगावचे निमवैद्यकीय कार्यकर्ते घरोघरी जाऊन चट्टे तपासत, गोळ्यांची पाकिटं देत, महिन्याच्या महिन्याला परत जात. एवढं मोठं यश मिळत असताना लशीची निकड कुणाला वाटणार?

तरी चाचण्या सुरू राहिल्या. महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांच्या घरच्या मंडळींना ती देऊन पाहिली गेली. सगळ्यात मोठी चाचणी तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ती होती, आणि डॉ. एम. डी. गुप्ते तिचे प्रमुख. १९९१ मध्ये टोचणी सुरू झाली. १,७१,४०० माणसं, आणि एकमेकींशेजारी ठेवून तपासलेल्या लशी: नुसती क्षयावरची बीसीजी, बीसीजी आणि मेलेले कुष्ठजंतू एकत्र, डॉ. जी. पी. तलवार यांची दिल्लीत तयार झालेली एमडब्ल्यू, आणि परळची आयसीआरसी. निष्कर्ष १९९८ मध्ये आले. बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण दिलं, एमडब्ल्यूने २५.७, बीसीजी आणि कुष्ठजंतू मिळून ६४, आणि आयसीआरसीने ६५.५ टक्के. चाळीस वर्षांपूर्वी सापडलेला आणि मग चुकीचा म्हणून बाजूला पडलेला जंतू या चाचणीत सर्वांत पुढे होता.

आणि बाजारात कोणती लस आली? एमडब्ल्यू. तलवारांच्या लशीलाही स्वतःचं बळ होतं. रुग्णांच्या उपचारात औषधांसोबत दिल्यावर जंतू लवकर साफ होतात हे तिने दाखवलं होतं. पण तिच्यामागे गुजरातची कॅडिला फार्मास्युटिकल्स उभी राहिली, परवाना मिळाला, बाटलीवर नाव छापलं गेलं. पुढे त्याच जंतूवर क्षय, कॅन्सर, रक्तातलं विषारी संक्रमण यांसाठी प्रयोग झाले. कोविडच्या लाटेतही तो तपासला गेला. कारखाना मिळालेल्या जंतूला अशी दुसरी-तिसरी कामं मिळत जातात. आयसीआरसीला ती मिळाली नाहीत.

माझ्या मते गोळ्यांच्या यशाने तिची गरज कमी झाली हे खरं, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. एमडब्ल्यूपुढेही तीच परिस्थिती होती. परळकडे शास्त्र होतं, रुग्ण होते, चिकाटी होती. प्रयोगशाळेतल्या काही बाटल्यांचं रूपांतर लाखो सारख्या मात्रांमध्ये करणं हा वेगळाच धंदा आहे. जंतू वाढवायच्या मोठ्या टाक्या, निर्जंतुक खोल्या, प्रत्येक घाण्याची तपासणी, शीतसाखळी, औषध नियंत्रकांपुढे मांडायचे कागद, आणि पाच-दहा वर्षं परतावा न मागणारं भांडवल. मोठ्या औषध कंपनीला गरिबाच्या, त्यातही कमी होत चाललेल्या रोगात सहसा रस नसतो. हे काम छोट्या, एकाच गोष्टीमागे लागलेल्या कंपनीचं, आणि १९८० च्या दशकात आपल्याकडे अशा कंपन्या जवळजवळ नव्हत्या. त्या काळी कोल्हापूर भागातल्या उद्योजकाने ओतशाळा काढली, सूतगिरणी काढली, साखर कारखाना काढला. हिंमत कुठेच कमी नव्हती. लशीसाठी लागणारं भांडवल, परवाने आणि शिकलेली माणसं एकत्र आणणारी वाट मात्र तेव्हा नव्हती.

ती वाट आता याच भागात थोडी दिसू लागली आहे. कागलहून उत्तरेला, सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यात, जिथली नागपंचमी महाराष्ट्रभर ठाऊक आहे, आयसेरा बायोलॉजिकल ही छोटी कंपनी घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचं प्रतिविष बनवते. घोड्याला विषाच्या बारीक मात्रा टोचत जायच्या, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की ती वेगळी करून शुद्ध करायची. २०२१ मध्ये याच पद्धतीने तिने कोविडवरचं औषध तयार केलं आणि माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेलं. बातम्यांत ती कोल्हापूरची कंपनी म्हणून गाजली. ही लस नव्हे. यात शरीराला शिकवायचं नसतं, तयार प्रतिपिंडं द्यायची असतात. पण तालुक्याच्या एमआयडीसीतून असं औषध माणसापर्यंत नेण्याची धडपड तिथे झाली. शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना पुण्या-हैदराबादखेरीज काम आहे, हे पंचतारांकित वसाहतीच्या नकाशावर जागा आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कुष्ठरोग संपलेला नाही. प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली गेल्यावर घरोघरची तपासणी सैल पडली, पण देशात अजूनही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांत निम्म्याहून जास्त आपले, आणि त्यात लहान मुलंही असतात. रुग्णाच्या घरच्यांना रिफॅम्पिसिनची एकच मात्रा देऊन रोग अडवायचा प्रयत्न काही वर्षांपासून चालू आहे. त्याने धोका कमी होतो, जात नाही. अमेरिकेत सिॲटलच्या एका ना-नफा संस्थेने लेपव्हॅक्स नावाची नवी लस माणसांवर तपासायला घेतली. कुष्ठजंतूतले निवडक प्रथिनांचे भाग जोडून ती केली आहे, आणि लागण झालेल्यांनाही ती द्यावी असा तिच्यामागचा विचार आहे. कुष्ठजंतू वाढवता न आल्याने परळने त्याच्या भाऊबंदाचा आधार घेतला होता. लेपव्हॅक्सला तो जंतू वाढवावाच लागत नाही, त्याची प्रथिनं दुसऱ्या साध्या जंतूकडून करून घेता येतात. असे जंतू वाढवायची टाकी चालवता येणारी माणसं कोल्हापुरात आज आहेत.